राधिकाने काढलेली चूक

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर कौमुदी घाटोळे हिंदी मुलखातल्या आपल्या शहरात शंकर नगरातलं मराठी ग्रंथालय सांभाळू लागल्या. सहा कपाटं, चार टेबलं आणि रोज पेपर चाळायला येणारे सात-आठ म्हातारे. मराठी घरांतली पोरं तिथं फक्त गणपतीत फिरकायची. त्यांना मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

बाईंनी जुन्या पुस्तकांवर एक-एक मिनिटाचे व्हिडिओ करायचं ठरवलं. अध्यक्ष अनंतरावांना ते रुचलं नाही.

"एका मिनिटात कादंबरी मावते काय?"

"मावत नाही. म्हणून तर अर्ध्यात सोडणार आहे," बाई म्हणाल्या.

पहिले तीन व्हिडिओ त्यांनी कपाटासमोर खुर्चीत बसून केले. ते मोजून एकोणीस जणांनी पाहिले. चौथ्या वेळी त्या तेलीबांधा तलावाच्या काठावर जाऊन बसल्या आणि घरी बोलतात तशाच बोलल्या. कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची होती.

"ती बाई पहाटे उठली. भाकर बांधली अन् नदीच्या घाटावर आली. नाव सुटून राहिली होती. मागून नवरा हाका मारे, पण ती इतकी रागात होती, का वळलीच नाही. पुढं काय झालं ते पुस्तकात आहे. शंकर नगरात या."

आठवड्यात तीन हजार लोकांनी तो पाहिला. रविवारी अकरा पोरं आली. पुस्तकाची जाडी पाहून निम्मी परतली. पुस्तक घरी नेलं ते राधिका भांडेकरने. दहावीतली मुलगी, दोन ऑटो बदलून बीरगांवहून आली होती. तिचे वडील मूळचे गोंदियाचे, उरला या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला.

महिन्याने ती पुस्तक घेऊन परत आली आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "दीदी, आपने गलत बताया है."

"काय चुकलं?"

"वो गुस्से में नहीं थी. डरी हुई थी." तिने खूण घातलेलं पान उघडलं. "निकलने से पहले दो बार चूल्हा देखती है, बुझा कि नहीं. गुस्से वाला कोई चूल्हा देखता है क्या?"

बाईंनी पान वाचलं. कॉलेजपासून ही कादंबरी त्यांनी चार वेळा वाचली होती. ते वाक्य तिथंच होतं आणि चारही वेळा त्यांची नजर त्यावरून घसरली होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"हे तू सांग," मग त्या म्हणाल्या. "व्हिडिओत. पण मराठीत."

"मेरी मराठी पे सब हँसेंगे."

"हसू दे. मी आहो ना तुझ्या बाजूला."

राधिका सहा वेळा अडखळली. सातव्यांदा तिने एका दमात सगळं सांगितलं, "चूल" म्हणताना आवाज जरा कापला तेवढाच. बाईंनी व्हिडिओखाली लिहिलं : माझ्या सांगण्यात चूक होती. ती राधिका भांडेकर हिने दाखवून दिली.

"स्वतःची चूक चारचौघांत सांगून राहिल्या तुम्ही," अनंतराव म्हणाले.

"हव. काहून नाही सांगावं?"

त्या व्हिडिओखाली पोरं भांडू लागली. कोणी म्हणे राग, कोणी म्हणे भीती, आणि प्रत्येक जण पान क्रमांक देऊ लागला. कादंबरीची एकच प्रत, तिला चौदा जणांची रांग लागली. शेवटी दर रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचायचं ठरलं. पहिल्या रविवारी अनंतरावांनी स्वतः सतरंजी घातली.

तिसऱ्या रविवारी एक माणूस ड्युटीवरून थेट आला. शर्टावर तेलाचे डाग होते, म्हणून तो दाराशीच थांबला.

"मी राधिकाचा बाप. पोट्टी दर रविवारी इथं काय करते, ते पाहाले आलो."

आत राधिका दोन मुलांशी एका परिच्छेदावरून वाद घालत होती. मराठीत, मोडकं-तोडकं, पण माघार न घेता. बापाने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"घरी तं हिंदीच बोलते," तो हळूच म्हणाला.

"दादा, मी चाळीस वर्षांपासून हे पुस्तक वाचून राहिली," कौमुदीबाई म्हणाल्या. "मले जे दिसलं नाही, ते तुमच्या पोरीले दिसलं."

त्याने चपला काढल्या, शर्ट नीट केला आणि मागच्या खुर्चीवर ताठ बसून लेकीचं बोलणं ऐकू लागला.