त्रिंबकच्या तोमात्याचं लग्न

घाटनांदूरचा त्रिंबक मेक्सिकोला जाऊन आला होता आणि गावात ते कुणालाच पटत नव्हतं. दोष त्रिंबकचाच होता. तो खरं सांगायचा.

सर्कशीतल्या घोड्यांना चारा घालायच्या नोकरीवर तो निजामाची हद्द ओलांडून गेला. सर्कस बोटीनं अमेरिकेत पोचली, फिरत फिरत मेक्सिकोत मोडली, आणि त्रिंबक तिथल्या एका बाईच्या खानावळीत तीन वर्षं मिरच्या भाजत राहिला. तो परत आला तेव्हा चावडीत सगळं गाव जमलं. लोकांना एका डोळ्याची माणसं हवी होती, निदान शेपटीची तरी. त्रिंबकनं सांगितलं की तिकडे डोंगर आपल्या बालाघाटासारखेच उघडेबोडके, ऊन असंच, शेळ्या अशाच. लोक तिखट खातात आणि दुपारी आडवे होतात. ऐकणारे निम्मे त्या वेळी आडवेच होते. एवढ्या लांब जाऊन माणूस पुन्हा घाटनांदूरलाच कसा पोचतो, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी राधाकिशन पाटलांनी निकाल दिला, की हा परभणीला असणार. तिथं रेल्वे आहे, खानावळी आहेत, मिरच्याही आहेत.

तीन वर्षं त्रिंबकनं हे ऐकून घेतलं. फसली १३२१ साली, म्हणजे इंग्रजांच्या १९१२ त, मृगाच्या तोंडावर मात्र त्यानं चावडीत येऊन तंबाखूची डबी उघडली. आत चिमूटभर बी होतं. तिकडे याला तोमाते म्हणतात, कागदी कंदिलासारख्या टरफलात हिरवं फळ धरतं, ते विस्तवावर भाजून मिरची-लसणाबरोबर वाटतात, अशी माहिती त्यानं दिली. फळ दाखवीन, चटणी चारीन, मग तरी म्हणा गेलतो म्हणून. पाटलांनी अट घातली: पौष पुनवेपर्यंत गावाला पटलं नाही, तर खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून ‘मी परभणीलाच होतो’ असं बोलायचं. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं देव काय करतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सहसा तो कुणी उचलत नसे.

परसात एकोणीस रोपं उगवली. ती वीतभर झाली तेव्हा त्रिंबक एक दिवस मोमिनाबादच्या बाजाराला गेला, आणि नेमकं त्याच दिवशी त्याच्या थोरल्या भावजयीनं, सावित्रीबाईंनी, परसातली मिरची खुरपायला भिवराबाईला बोलावलं. भिवराबाई खुरपण्यात नामांकित. मिरचीत चिरबोटी नावाचं तण माजतं, हे तिला आईच्या पोटात असल्यापासून माहीत होतं. आणि तोमाते म्हणजे पानाखोडानं चिरबोटीची सख्खी बहीणच. तिनं अठरा रोपं उपटली. एकोणिसावं न्हाणीच्या दगडाआड होतं म्हणून वाचलं.

त्रिंबक दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, कारण उरलेलं रोप तरारून आलं होतं. श्रावणात ते कमरेला लागलं. भादव्यात पिवळी फुलं आली, इतकी की सावित्रीबाई मीठमोहऱ्या ओवाळू लागल्या. फुलं आली, वाळली, गळली. पुन्हा आली, पुन्हा गळली. आश्विन गेला तरी कंदील एक नाही. पाटील रोज सकाळी परसाच्या कुडावरून डोकावून जात आणि परभणीच्या दिशेला बघत.

त्रिंबक चक्रावला. त्यानं शेणखत घातलं, राख घातली, झाडाशी तिकडच्या भाषेत बोलून पाहिलं. अखेर सावित्रीबाईंनी कारण सांगितलं.

“भावजी, पोर वयात आली. आंबराईचं बी लगीन लावल्याबिगर फळ खात न्हाईत. तुमी हिला तशीच ठिवली. ती बिचारी काय करंल?”

“वहिनी, तितं कुणी लगीन लावत न्हाई. तितं शेतंच्या शेतं असत्यात. एकलं झाड म्या कवा बघितलंच न्हाई.”

त्रिंबक अगदी नेमकं बोलला होता; एकट्या झाडाला हे फळ धरतच नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही.

तुळशीच्या लग्नादिवशीच हेही उरकायचं ठरलं. अडचण नवऱ्याची होती. बाळकृष्ण त्या संध्याकाळी तुळशीकडे गुंतलेला. तेव्हा भिवराबाई पदर सावरत पुढं आली आणि म्हणाली, की त्या अठरांतलं एक रोप इतकं गुटगुटीत होतं की टाकवेना, म्हणून तिनं ते ओढ्यापलीकडच्या मळ्यात मोटेच्या पाण्यावर लावलं. तेही नुसतं फुलतंय. त्यालाही स्थळ बघायचंच आहे.

काल-परवापर्यंत जिला परसात पाय ठेवायची बंदी होती ती भिवराबाई त्या क्षणापासून वरमाय झाली. नवरदेव मातीच्या ढेपेसकट पाटीत बसून वाजतगाजत आला. भिवराबाईनं खण हातात घेऊन उजेडात धरला आणि आमच्या पोराला असल्या खणावर बोळवता का, असं विचारलं. सावित्रीबाई हळूच म्हणाल्या, “सतरा भावंडं मारून आलाव तुमी. गप खण घ्या.”

बद्रीनाथ जोशीबुवांनी गोत्र विचारलं. कुणालाच सांगता येईना. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं बुवांनी ठरवलं, आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं की दोघंही काश्यप, म्हणजे सगोत्र, म्हणजे लग्नच होत नाही. बुवा घटकाभर डोळे मिटून बसले. शेवटी नवरदेव भिवराबाईच्या घरी वाढला म्हणून त्याला तिच्या घराण्यात दत्तक दिला, आणि अंतरपाट धरला. लग्न लागलं. नवरदेवाला नवरीशेजारीच खड्डा करून लावलं. घरजावई झाला म्हणून भिवराबाई रडली.

पंधरा दिवसांत नवरीला कंदील धरले. अकरा मोजले. सावित्रीबाईंनी दारात साखर वाटली. पाटलांनीही साखर घेतली, पण तोंड कडू केलं.

चार दिवसांनी भिवराबाई सुनेची ओटी भरायला आली. ओटी भरली, वळली, लेकाकडे पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागली. नवरदेवाला तेवीस कंदील होते.

परस भरलं. कुणीतरी म्हणालं, पाट बदलले असतील, तो नवरी आणि ही नवरा. पण मग या नवऱ्याला अकरा कसे? जोशीबुवा ग्रंथ बघून सांगतो म्हणून गेले आणि जाताना दक्षिणा परत देऊन गेले, यावरून प्रकरण किती अवघड होतं ते कळावं. भिवराबाईनं गावात तोंड दाखवणं सोडलं. त्रिंबकला फळं आल्याचा आनंद करावा की काय करावं, ते उमगेना.

पौष पुनवेला खंडोबाच्या देवळात त्यानं फळं भाजली, पाट्यावर वाटली. हिरवी, आंबट, झणझणीत चटणी सगळ्या गावानं ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. पाटलांनी चार भाकरी संपवल्या, हात धुतला आणि म्हणाले, चटणी ब्येस हाय, पण चटणी परभणीतही मिळते. त्यांना एकच विचारायचं होतं.

“त्रिंबक, तुझ्या मेक्सिकोत हे असंच अस्तंय का? बाप्यांचं?”

त्रिंबकनं नेहमीप्रमाणे खरं सांगितलं. असं आपण तिकडे कधी पाहिलं नाही.

देवळात कुजबुज झाली. “मग तू गेलाच न्हाईस,” पाटील म्हणाले. “तीन वर्सं राहिलास आन येवढी गोष्ट दिसली न्हाई? आमाला इतं बसून दिसली.” त्यांनी भंडाऱ्याचं ताट त्रिंबकपुढं सरकवलं.

त्रिंबकनं ताटाकडे पाहिलं. उचलून परभणी म्हणावं तर खंडोबा सोडणार नव्हता. न उचलावं तर गाव सोडणार नव्हतं. त्यानं मान वर केली.

“वहिनी, ताट जरा तिकडं न्या. माझा हात खरकटा हाय.”

सावित्रीबाईंनी ताट लांब नेलं. ते पुरेसं लांब गेल्यावर त्रिंबक बोलला.

“हाय पाटील. तिकडं समद्या बाप्यांना लेकरं हुत्यात.”

“मग आदी कावून सांगितलं न्हाईस बे?”

“लाज वाटत हुती.”

पाटील जरा पुढं सरकले. “आन बाया? बाया काय करत्यात?”

“बाया चावडीत बसत्यात.”

पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजूबाजूला माना डोलू लागल्या. मेक्सिको असाच असणार, हे आता सगळ्यांनाच आधीपासून वाटत होतं. खांबाआड पदर ओढून बसलेली भिवराबाई ताठ मानेनं उठली आणि पोराला पाणी घालायला परसाकडे निघाली. तो त्याच्या देशाच्या रीतीनं वागला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्रिंबकच्या दारात मेक्सिकोची वाट विचारायला माणसं येऊ लागली. सगळ्या बायकाच होत्या. सर्वांत आधी सावित्रीबाई. आधी परभणीला जावं लागतं, असं त्रिंबकनं सांगितलं, आणि ते खरं होतं.