वटवाघळांची बंदूक

"ही केळी घ्या साहेब, आणि यंदा बंदूक जमा करणार नाही बरं का, हे सांगायला आलो," असं म्हणत रामचंद्राने अख्खा घड हवालदाराच्या टेबलावर ठेवला.

आपल्या पायाने पोलीस ठाण्यात जाऊन असं सांगणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर अर्नाळ्याकडचा वाडीवाला. रामचंद्र वाडीवाला होता. वडिलांची एकनळी बंदूक, पीकसंरक्षणाचा परवाना. केळी-चिकूवर उतरणारी वटवाघळं हुसकायला हवेत बार काढायचा, एवढाच तिचा जन्मभराचा पराक्रम. तरी प्रत्येक निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची आणि गंज खाऊन परत यायची. म्हणून बंदुकीच्या कायद्यात कुठे काय बदलतंय यावर रामचंद्राचा डोळा असे. वकील पुतण्या श्रीरंग दिसला की तो त्याला गाठायचाच.

दोन हजार नऊच्या विधानसभेआधी श्रीरंगनेच खबर आणली. कुणीतरी हायकोर्टात दाद मागितली होती आणि कोर्टाने म्हटलं होतं, सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, माणूस बघून ठरवा. रामचंद्राला आभाळ ठेंगणं झालं.

"अहो, गप बसा ना," बायको मंदा म्हणाली होती. "कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन कशाला जाताय?"

पण पहिला घड आणि चांगली बातमी घरात कोंडून ठेवायची नाही, ही त्याच्या घरची रीत.

हवालदाराने केळं सोललं. "माणूस बघून ठरवा म्हटलंय ना काका? मग बघू की. तुमच्यावर केस एखादी?"

"छे हो! सात पिढ्यांत नाही."

"कुणी दुश्मन?"

"वटवाघळं."

ठाणं खदखदून हसलं. "मग तुमच्या जिवाला धोका नाही. कुणाची बंदूक ठेवायची हे ठरवणारी समिती नाहीच म्हणणार. आजच जमा करून टाका."

"आणि आमच्या शेजारच्या परेशची?"

परेश म्हणजे धाकदपटशाने आजूबाजूच्या वाड्या गिळून तिथे चाळी उठवलेला बिल्डर.

"परेशशेठना सूट आहे. दोन खुनाच्या केसेस आहेत त्यांच्यावर. एवढे दुश्मन म्हटल्यावर धोका आलाच ना?"

हे तो केळं खात, अगदी सरळ चेहऱ्याने बोलला. रामचंद्र तडक बाहेर पडला. ज्यांच्यापासून जपायचं, त्यांनाच जपायला निघालेत हे हरामखोर! त्याच संध्याकाळी त्याने बंदूक नेऊन दिली.

दसऱ्याला दरवर्षी ती खुंटीवरून उतरायची, तेलपाणी व्हायचं, झेंडूचा हार चढायचा. यंदा तो हार घेऊन ठाण्यावर गेला. आवारात पोलिसांची शस्त्रपूजा चालली होती. रायफलींच्या मधोमध परेशचं, खास पूजेपुरतं आणलेलं लखलखीत रिव्हॉल्व्हर मांडलेलं, आणि सगळ्यात जाड हार त्यालाच. मोठे साहेब स्वतः कुंकू लावत होते.

"माझी पण ठेवता का बाजूला?" रामचंद्राने विचारलं. "हार आणलाय."

"जमा हत्यार बाहेर काढता येत नाही काका. नियम आहे," हवालदार म्हणाला.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याची बंदूक कोपऱ्यात उभी होती. नळीवर कुणीतरी ओला रेनकोट वाळत घातला होता.

हार तसाच घेऊन तो घरी आला.

"झाली पूजा?" मंदाने विचारलं.

"परवाना परत करतोय मी. तिकडची पूजा बघितली, आता बंदुकीला फूल वाहायची शिसारी आली."

मंदाने घड उतरवायचा कोयता पाटावर ठेवला आणि हार त्याला घातला. रामचंद्राने कुंकू लावलं.

दिवेलागणीला वटवाघळं उतरली. तो पत्र्याचा डबा बडवायला उठला, तोच परेशच्या बंगल्यावरून दसऱ्याच्या आनंदात हवेत तीन बार झाले. अख्खी वाडी फडफडली आणि रिकामी झाली.

"गेली बघा," मंदा म्हणाली.

रामचंद्राने डबा खाली ठेवला आणि परेशचं उष्टं तोंडात गेल्यासारखा तो विहिरीवर चूळ भरायला गेला.