हरणाचा मग

काच अमर असते, असं आमच्या नोव्ही बोर या चेक गावात काचेवर पोट भरणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. मग ती टेबलावरून पडते. अमर असतो तो नंतर लावलेला गोंद.

वोंद्राचेकआजोबांच्या बियरच्या मगावर त्यांच्या वडिलांनी पळणारं हरीण कोरलं होतं. मग फुटला तेव्हा आजोबांनी तो मोटारीच्या गोंदाने स्वतःच चिकटवला. गोंद पिवळा पडला, हरणाला कावीळ झाली, तेव्हा ते तो मग घेऊन संग्रहालयात माझ्याकडे आले; फुटकी काच जोडणं हे माझं तिथलं काम. इथल्या बियरखान्यात फळीवर ज्याचा त्याचा मग असतो. त्यांना आपला परत तिथे हवा होता.

सगळा हिवाळा मी तो मग अ‍ॅसिटोनच्या वाफेत कोंडत होते आणि मऊ पडलेला गोंद पात्याने खरवडत होते. पाठ धरली, डोळ्यांची वाट लागली, पण नव्याने जोडलेले सांधे दिसेनासे झाले.

“मिलादाबाई, आज संध्याकाळी यातूनच पितो बघा,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, यात बियर ओतायची नाही. आमचा गोंद पुढे कुणालाही सहज काढता यावा असाच असतो. भरलात की सुटेल.”

“माझ्या गोंदाने गळायचा. पण भरता तरी यायचा. आता याचं करू काय?”

“बघायचं.”

त्यांनी बराच वेळ बघितलं. मीही बघितलं, दुसरं काही करायची ताकद उरली नव्हती.

“छान झालाय,” ते दमून म्हणाले. “जरा पाणी द्याल का? कागदी कपात चालेल.”