समोरचं माणूस

“पाणी सांडल्यावर बटण दाबलंत का?” लॅपटॉपवाल्याने विचारलं.

“एकदाच.”

त्याने चष्म्याच्या वरून पाहिलं. असं पाहिलं की गिऱ्हाईक खरं बोलतं, हा त्याचा बारा वर्षांचा अनुभव होता.

“पाच-सहा वेळा,” बाई म्हणाल्या.

“बघा. पाणी बिचारं काही करत नाही, मावशी. ते आपलं आपण वाळतं. माणसांना धीर नसतो.” त्याने लॅपटॉप पालथा घालून स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि हिरव्या बोर्डावरचा तिळाएवढा काळा डाग दाखवला. “हा इथे जळलाय. नवा बोर्ड मागवावा लागेल. आठ-दहा दिवस धरून चाला.”

“माझ्याकडे तीनच आहेत.”

“कसलं काम अडलंय? कोर्टाचं? बँकेचं?”

बाई जरा घुटमळल्या. “बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिलाय.”

लॅपटॉपवाला हसणार होता, पण बाईंचा चेहरा पाहून त्याने हसू गिळलं.

या बाईंना नाव होतं, पण ते कुणाच्या फारसं कामी आलं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंज सांभाळलं, आणि सगळं हॉस्पिटल त्यांना एक्सचेंजबाई म्हणत आलं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. एकदा कॅन्टीनमध्ये त्यांनी चहा मागितला, तर पुढे उभे असलेले मोठे डॉक्टर गर्रकन वळून म्हणाले, “अरेच्चा, तुम्हीच होय त्या!” एवढ्याशा कौतुकावर बाईंचा महिना छान गेला होता.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या ऑपरेटरने त्यांना बजावलं होतं, “लाइन लागली की आपण बाजूला व्हायचं. कोण कुणाशी काय बोलतंय, ते आपलं नाही.” बाईंनी हे इतकं मनावर घेतलं की जिन्याखालून बाहेर पडल्यावरही त्या सगळ्यांच्या बाजूलाच होत राहिल्या. शेजारणीशी बोलताना तिच्या घरचं विचारायच्या नाहीत. लग्न जमता जमता राहिलं, तेव्हाही त्या माणसाला ‘का?’ म्हणून विचारलं नाही. लोक म्हणायचे, बाई फार सज्जन. सज्जन तर होत्याच, पण निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणाचाच फोन येत नाही.

मग त्यांच्या भाचीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. आत्याला लहानपणी वडिलांनी बुद्धिबळ शिकवलेलं तिला ठाऊक होतं. तिने एका वेबसाइटवर आत्याचं खातं उघडून दिलं. तिथे एका खेळीला तीन दिवसांची मुदत असायची. तेवढ्यात खेळला नाहीत तर डाव हरलात. दुसऱ्याच आठवड्यात बाईंना एक भिडू मिळाला. नावाच्या जागी नुसते आकडे, फोटोच्या जागी एक हिरवी किटली. बाप्या की बाई, म्हातारं की तरणं, कशाचा पत्ता नाही. बाई आपल्या मनाशी त्याला ‘समोरचं माणूस’ म्हणू लागल्या.

त्याला चार वर्षं झाली. बाई रात्रीच्या जेवणाआधी खेळी करायच्या आणि सकाळी उठून पाहावं तर उत्तर आलेलं असायचं. तिकडून एकही दिवस खाडा नाही. समोरच्या माणसाचा घोड्यांवर फार जीव होता. वजीर गेला तरी चालेल, पण घोडा जपायचं. हरलं की लगेच नव्या डावाचं आमंत्रण पाठवायचं आणि जिंकलं तरीही पाठवायचं. एकदा बाई तापाने फणफणल्या होत्या. दोन दिवस खेळल्याच नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कशाबशा उठून अगदी बावळट खेळी केली. समोरच्याला हत्ती फुकट मिळत होता. त्या माणसाने तो घेतला नाही. आठवडाभर ते आपला वजीर उगाच एक घर पुढे, एक घर मागे करत बसलं, बाई नीट खेळायला लागेपर्यंत. हे लक्षात आलं त्या दिवशी बाईंना रडू आलं होतं. आजारपणात कुणीतरी उशाशी बसून राहिल्यासारखं त्यांना वाटलं होतं.

पटाच्या बाजूला लिहायला एक चौकोन होता. भाची म्हणायची, “अगं, विचार की कोण आहे, कुठलं आहे.”

“कशाला? लाइन लागलीये ना,” बाई म्हणायच्या.

रविवारी संध्याकाळी त्यांनी उंट पुढे सरकवला होता. सोमवारी सकाळी उत्तर बघायला बसल्या आणि झाकण उघडताना कोपराचा धक्का लागून पाण्याचा तांब्या कलंडला.

“आत्या, तू मनाला फार लावून घेतेस,” भाची फोनवर म्हणाली. “पासवर्ड आठवतोय का?”

“तूच टाकला होतास.”

“मी माझ्या जुन्या ऑफिसच्या मेलवर केलं होतं गं. तो मेल कधीच बंद झाला. असं कर, माझ्या मोबाइलवरून नवीन नावाने खेळ. लाखो लोक आहेत तिथे, ढिगाने भिडू मिळतील.”

“ते माणूस वाट बघत असेल.”

भाचीने फोन ठेवला. तिची मीटिंग होती.

बाई मंगळवारी पुन्हा दुकानात गेल्या. लॅपटॉपवाला म्हणाला, “एक उपाय आहे. माझ्याकडे रिफर्बिश्ड मशीन आहे. एका कंपनीने काढून टाकलेलं, मी स्वतः उघडून तपासलंय. तुमची डिस्क वाचलीये. तिची जशीच्या तशी नक्कल यात उतरवतो. तुमची साइट, तुमचा डाव, सगळं उघडंच सापडेल. पासवर्ड विचारणार नाही.”

“द्या,” बाई म्हणाल्या. किंमत त्यांनी विचारलीच नाही. लॅपटॉपवाल्याने ती स्वतःहून सांगितली, कारण तो भला माणूस होता.

“उद्या मिळेल?”

“डिस्क अधेमधे अडतेय. गुरुवारी सकाळी नक्की.”

बाईंनी बोटांवर हिशेब केला. समोरच्या माणसाची खेळी सोमवारी पहाटे आली असणार, म्हणजे आपली मुदत गुरुवारी पहाटे संपणार. थोडक्यात चुकणार होतं.

बुधवारभर त्यांचा जीव टांगणीला लागला. हरण्याचं दुःख नव्हतं, हरल्या तर त्या शेकडो वेळा होत्या. पण न सांगता उठून गेलेली बाई, अशी आपली आठवण त्या माणसाकडे राहील, हे त्यांना सोसवेना. त्यांनी भांड्यांचा कप्पा आवरला, पडदे धुतले, धुतलेलेच पुन्हा पिळले. त्यांना फार एकटं वाटत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते स्वतःशी कबूल केलं.

गुरुवारी दुकान उघडण्याआधीच त्या पायरीवर हजर होत्या. लॅपटॉपवाल्याने मशीन सुरू करून दाखवलं. “इथेच बघून घ्या ना, मावशी.”

“घरी बघते,” त्या म्हणाल्या. चारचौघांत हरायचं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी टेबल पुसलं, पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि झाकण उघडलं. साइट खरोखरच उघडी होती. पट त्यांनी रविवारी सोडला तसाच होता. उंट त्यांनी सरकवला त्या घरात, आणि समोरच्या मोहऱ्यांपैकी एकही हललेला नव्हता. वर हिरव्या पट्टीत लिहिलं होतं: तुम्ही जिंकलात. प्रतिस्पर्ध्याची मुदत संपली.

आधी त्यांना हायसं वाटलं. चूक आपली नव्हती. मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. सोमवारी सकाळी पाणी सांडलं तेव्हा तिथे बघायला काही आलेलंच नव्हतं. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही. चार वर्षांत ज्याने एक सकाळ चुकवली नाही, त्या माणसाने तीन चुकवल्या होत्या. नव्या डावाचं आमंत्रणही नव्हतं.

फोन कुठे करायचा? कुणाला विचारायचं? एकतीस वर्षं गावभरच्या लाइनी जोडून दिलेल्या बाईंकडे या एका माणसाचा नंबर नव्हता, नाव नव्हतं. ते कुठली भाषा बोलतं, हेही त्यांना माहीत नव्हतं.

बाजूच्या कोऱ्या चौकोनात त्यांनी क्लिक केलं. शेवटी आपल्याच भाषेत, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, “बरे आहात ना?” आणि पाठवून दिलं.

मग त्यांनी नव्या डावाचं आमंत्रण धाडलं. पांढरे मोहरे त्यांनी समोरच्याला दिले, म्हणजे पहिली खेळी तिकडून येईल. चार्जर लावला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या पटासमोर बसून राहिल्या.