दुसरा ग्रुप बाकी

"बायोडेटात नुसतं 'सीए' लिहून टाक, कोण बघतंय!" दादा म्हणाला.

"मी बघतेय ना!" मी खेकसले आणि लिहिलं: सीए फायनल, पहिला ग्रुप पास, दुसऱ्याची परीक्षा मे महिन्यात.

मुलाखतीत अकाउंट्सच्या मॅडमनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे मे महिन्यात रजा लागणार?"

"लागणारच. आधीच सांगितलेलं बरं!" माझा आवाज चढला.

"मग पंचाईत आहे." त्यांनी खणातून एक पुस्तक काढलं. मी वाचतेय तेच, फक्त जास्त फाटलेलं. "माझाही दुसराच ग्रुप लटकलाय. सोमवारपासून या. मे महिन्यात दोघीही रजा घेऊ. फक्त साहेबांकडे ती तुम्ही मागायची. माझी काही छाती होत नाही."