कुंदनने लावलेला सूर

मित्रांनो, मी एक काळी इलेक्ट्रिक गिटार आहे, आता जुनी झालेली. मी भारीतली नव्हे. नवशिक्यांसाठी कारखान्यात ढिगाने बनतात, त्यांतलीच एक. लाकूड हलकं, खुंट्या ढिल्या. तरी जळगावच्या दुकानात कुंदनने मला उचललं, तेव्हा त्याच्या तळहातांना घाम सुटला होता.

कुंदन चोपड्यात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला हेवी मेटल वाजवायचं वेड. पहिल्या संध्याकाळी त्याने मला स्पीकरला जोडून तारा छेडल्या, तशी त्याची आई कोकिळाबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय रे, मोटार जळनी का?"

"नही माय, गाणं शे."

"हाई गाणं?" म्हणत ती दारातच हसत बसली.

त्याच्या बोटांना फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. सगळ्यात जाड तार तो नेहमीच्या सुरापेक्षा खाली उतरवून लावायचा. मग माझ्यातून असा घोगरा आवाज निघायचा, की फळीवरचे डबे थरथरायचे. त्याचा मित्र तनवीर ड्रम वाजवायचा. एका मित्राच्या हळदीत दोघांनी वाजवलं. म्हातारे उठून गेले, पोरं नाचून दमली. काळा शर्ट घातलेल्या कुंदनकडे बोट दाखवत कोकिळाबाई शेजारणीला सांगत होती, "तो काया शर्टवाला मना पोऱ्या शे."

गेल्या फाल्गुनात शेतातली मोटार दुरुस्त करताना कुंदनला विजेचा धक्का बसला. तो गेला.

कोकिळाबाई मला रोज पदराने पुसते. तारांना मात्र कोणाला हात लावू देत नाही. तिच्या भाच्याने मला मागितलं, तेव्हा ती म्हणाली, "नको रे भाऊ. कुंदननी लायेल सूर शे त्यामा."

मित्रांनो, सूर असा राहत नाही. उन्हाळ्यात छपराचा पत्रा तापला, माझी मान वाकली, खुंट्या सरकत गेल्या. त्याचा सूर केव्हाच निघून गेला होता. तिला मी कसं सांगणार?

परवा दुपारी तनवीर आला. तिने आपणहून मला त्याच्या हाती दिलं. "वाजाड बेटा. एकच डाव."

त्याने जाड तार छेडली. ती लुळी, बेसूर वाजली. तनवीरचा चेहरा पडला.

"त्यानाच सूर शे ना?"

त्याने सरकलेल्या खुंटीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हो काकू. त्याचाच आहे."

तिने माझ्या अंगाला कान लावला आणि डोळे मिटले. तनवीर परत छेडत राहिला, तीच तार, हळूहळू. त्याचं नाक वाहत होतं, पण त्याने हात थांबवला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं वाद्य मुकं पडलं असेल, तर ते नुसतं पुसत बसू नका. वाजवणाऱ्या हातात द्या, नव्याने सुरात लावू द्या. आम्ही त्यानेच जगतो.

मात्र कोकिळाबाईला हे कोणी सांगू नका.