बेचाळीस उंचीचा परकर

जयसिंगरावांनी आयुष्यभर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. बत्तीस वर्षं ते एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तक पोचलं तरी पत्र, नाही पोचलं तरी पत्र, ही त्यांची सवय. लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर द्यायचं नसतं, तरी ते द्यायचे. राहिलं ते एकच, चिकपेटच्या गुंडोचं. तेही हरवलं म्हणून नव्हे. ते कपाटात, तिसऱ्या खणात, जाड शब्दकोशाच्या आत व्यवस्थित होतं.

पत्र आलं चौऱ्याण्णवच्या श्रावणात. निळं आंतर्देशीय, तिन्ही कडांना डिंक चोपडलेला. भाषा मराठी, अक्षरं कानडी. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतून असंच लिहितात.

"जयसिंगअण्णा, नमस्कार. रविवारी कमिटी बसणार. माझी खोली काढून घेणार म्हणतात. तुम्ही कमिटीत आहात. एकच वाक्य बोला. या माणसाला मी ओळखतो, माणूस चांगला आहे, एवढंच. तुमच्याबद्दल काही बोलू नका. मीही मरेपर्यंत बोलणार नाही. तुम्हाला घरी त्रास नको म्हणून बंद पत्र पाठवतो. गुंडो."

गुंडो बेंगळूरच्या चिकपेट बाजारात एका साडीच्या दुकानात विक्रेता होता. गादीवर उभं राहायचं, साडीची घडी मोडायची, आणि गिऱ्हाईक बाईला पदर कसा दिसेल ते स्वतःच्याच अंगावर नेसून दाखवायचं, हे त्याचं काम. पँट-शर्टावर निऱ्या घालून, पदर खांद्यावर टाकून तो किंचित वळायचा, की समोर बसलेल्या चारही बायका एकदम "हीच!" म्हणायच्या. दिवसातून चाळीस साड्या तो भर बाजारात, सगळ्यांच्या देखत नेसायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे. उलट मालक म्हणायचा, "गुंडोच्या अंगावर गोणपाट टाकलं तरी खपेल."

जयसिंगराव तिथं साड्या घ्यायचे त्या बायकोसाठी म्हणून. भाग्यलक्ष्मी एक्क्याण्णव साली गेली. दुकानात हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून ते जातच राहिले. एकदा साडीबरोबर परकरही मागितला.

"उंची, अण्णा?"

"बेचाळीस," जयसिंगराव बोलून गेले.

भाग्यलक्ष्मी पाच फुटांची होती. तिचा परकर छत्तिसाचा. आणि तिला गुंडोनं कितीदा तरी साड्या दाखवल्या होत्या. गुंडोनं नजर खालून वर नेली, जयसिंगरावांच्या पावलांपासून कमरेपर्यंत. मग परकर कागदात बांधला आणि वर त्याच रंगाचं रीळ ठेवलं. "लागतं अण्णा, शिवण उसवली की." त्यानंतर दोघांत यापेक्षा जास्त बोलणं कधी झालं नाही. तरी त्या दुकानातून निघताना जयसिंगरावांचे पाय हलके पडत.

गुंडो राहायचा बेंगळूरच्या मराठी समाजाच्या इमारतीत, मागच्या खोलीत. चौऱ्याण्णवच्या त्या श्रावणात एका रविवारी सकाळी तो जांभळी साडी नेसून, कुंकू लावून जिना उतरला आणि बाजारात जाऊन भाजी घेऊन आला. बस, एवढाच गुन्हा.

समाजाच्या कमिटीत बारा जण होते. अध्यक्ष संताजी, आवाजाचे भारी. जयसिंगराव चिटणीस, कारण अक्षर चांगलं. गुंडो दाराशी उभा, पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

"काय रे गुंडो," संताजी म्हणाले, "दुकानात नेसतोस ते पोटासाठी, समजलं. रस्त्यावर कोणासाठी?"

"दुकानात बायकांसाठी नेसतो, संताजीअण्णा. रस्त्यावर माझ्यासाठी."

कोणीतरी फिसकन हसलं. "मग हळदीकुंकवाला येत जा की!"

"बोलावलंत तर येईन."

हसणं थांबलं. संताजींनी टेबलावर हात आपटला. "इथं लेकीसुना राहतात. कोणाला काही बोलायचंय?"

गुंडोनं जयसिंगरावांकडे एकदाच पाहिलं. जयसिंगराव पेनाचं टोपण फिरवत होते. वाक्य घशापर्यंत आलं होतं; माणूस चांगला आहे, तीनच शब्द. पण पुढचा प्रश्न त्यांना ऐकू येत होता. तुम्ही कसं काय ओळखता हो? टोपण फिरत राहिलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "खोली आठ दिवसांत रिकामी करून घ्यावी, असे सर्वानुमते ठरले." 'सर्वानुमते' हा शब्द त्यांना कोणी सांगितला नव्हता. तो त्यांनी आपणहून घातला.

चार वर्षं गेली. नातीचं, नयनाचं लग्न ठरलं, तेही संताजींच्याच मध्यस्थीनं, त्यांच्या बहिणीच्या नातवाशी. साड्या घ्यायला घरचे सगळे चिकपेटला निघाले: मुलगा गिरीराज, सून हर्षिता, नयना. "मामंजी, तुम्ही पण चला," हर्षिता म्हणाली. "तुम्हाला रंगांतलं कळतं." नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही.

दुकान तेच. गादीवर मात्र एक नवा, बुटका, घामाघूम झालेला विक्रेता होता. मोरपंखी साडी त्यानं अंगाला गुंडाळली ती गाठोडं बांधल्यासारखी. नयना तोंडावर हात धरून हसायला लागली.

"अशीच दिसणार असेन तर मी चुडीदार घालते बाई बोहल्यावर."

"गुंडो असता तर," गल्ल्यावरचा जुना गुरुराज सुस्कारला. "असा हात परत मिळायचा नाही. आमच्या मालकांनी पण काढलं त्याला. समाजानं काढलं म्हटल्यावर गिऱ्हाईक बोलायला लागलं."

"आता कुठं असतो?" जयसिंगरावांनी विचारलं. आवाज स्वतःलाच परका वाटला.

"देवनहळ्ळीला. किल्ल्याच्या दरवाजाजवळ बसतो, ब्लाउजपीस विकतो. आता रोजच साडीत. बायका अक्का म्हणतात, पोरं खडे मारतात. एक डोळा गेलाय." गुरुराज पावत्या लावत होता. "त्याच्या पत्राला पत्ता लागत नाही, नुसत्या नावानं पोचतं. तिथं तसा तो एकटाच."

बुटक्यानं पुन्हा निऱ्या घातल्या, पुन्हा विस्कटल्या. गिरीराज घड्याळ बघायला लागला. जयसिंगराव कधी उठले, कधी चपला काढून गादीवर चढले, ते त्यांना कळलंही नाही. बुटक्याच्या हातातली साडी त्यांनी घेतली. एक टोक कमरेला खोचलं, एक फेरा घेतला, बोटांत निऱ्या धरल्या. सात, सगळ्या एका मापाच्या. पदर खांद्यावर टाकला, काठ चिमटीनं सारखा केला. आणि किंचित वळले, पाणी वळतं तसे.

"हीच!" शेजारच्या दोन अनोळखी बायका एकदम म्हणाल्या.

 नयनाचं तोंड उघडंच राहिलं. गुरुराजच्या हातातली पावती हातातच.

"अप्पा," गिरीराज हळू म्हणाला, "तुम्हाला हे कसं येतं?"

जयसिंगरावांच्या खांद्यावर मोरपंखी पदर होता. खरं सांगायचं तर ती वेळ होती. दिवसा, बाजारात, आपली माणसं समोर बसलेली. गुंडोला जिना उतरायला लागला, यांना गादीवरून खालीही उतरायचं नव्हतं.

"तुझ्या आईला येत नव्हतं," ते म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हा. माझी आई रागवायची तिला. म्हणून मी शिकलो आणि तिला शिकवलं. रोज सकाळी मीच नेसवायचो."

"अय्यो, किती गोड!" शेजारची बाई म्हणाली. नयनाच्या डोळ्यांत पाणी आलं. गिरीराजनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यानं किती वर्षांत ठेवला नव्हता. मालकानं सगळ्यांना कॉफी मागवली. फक्त हर्षिता साडीचा काठ बघत राहिली. तिला स्वतःला नऊवारी शिकवली होती ती सासूनं, तिच्या अत्तेनं, भाग्यलक्ष्मीनंच, डोळे मिटून, गप्पा मारता मारता.

खरं होतं ते उलटं. छप्पन साली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, भाग्यलक्ष्मीनं एका दुपारी नवऱ्याला आपल्या साडीत पाहिलं. ती किंचाळली नाही. दार लावून घेतलं, जवळ आली आणि म्हणाली, "निऱ्या अशा नव्हे, वेड्यावाकड्या पडतात." मग सोडून पुन्हा घातल्या. पस्तीस वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नाही. आणि त्या बाईला यांनी भर दुकानात अडाणी, गबाळी करून टाकलं, स्वतःचं झाकायला. गुंडोच्या वेळी निदान गप्प तरी बसलो होतो, जयसिंगरावांना वाटलं. या वेळी तोंड उघडलं, तेही यासाठी.

पुढचा आठवडाभर दुपारी घर रिकामं असायचं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी साड्यांची ट्रंक उघडली नाही. उत्तर लिहायला बसले. आधी आंतर्देशीय घेतलं. अक्षरं बाळबोध, मराठी. देवनहळ्ळीत कोण वाचणार? गुंडोलाही वाचता येणार नाही, हे तिसऱ्या ओळीला लक्षात आलं. फाडलं. मग कानडी अक्षरांत मराठी लिहिलं. कारणं दोन पानं भरून झाली: पेन्शन, मुलाची नोकरी, बायकोचं जाणं. वाचून पाहिलं तर एखाद्या उशीर झालेल्या पुस्तकाची दंडमाफी मागितल्यासारखं वाटलं. तेही फाडलं. आपल्याला हे जमणार नाही, असं ते तीन दिवस स्वतःला सांगत राहिले. ते सांगायची त्यांना सवय होती.

चौथ्या दिवशी ते जयनगरच्या पोस्टात जाऊन एक साधं कार्ड घेऊन आले. उघडं. लिहिलं तेही सरळ कानडीत, घरातल्या आणि रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येईल असं.

"गुंडो यांस. तुमच्या पत्राचं उत्तर. मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही माणूस चांगले आहात. हे मी त्या रविवारी बोललो नाही, आणि 'सर्वानुमते' मी लिहिलं. तुम्ही नेसता तसा मीही नेसतो, दार लावून. मला माझ्या बायकोनं शिकवलं. जयसिंगराव." खाली घराचा पूर्ण पत्ता.

शाई वाळेपर्यंत कार्ड जेवणाच्या टेबलावर होतं, आणि शाई वाळल्यावरही होतं. ते विसरले की मुद्दाम ठेवलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हर्षिता शाळेत शिकवायची. त्या दिवशी ती लवकर आली आणि टेबल पुसायला म्हणून तिनं ते उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. जयसिंगराव दारात उभे होते.

तिनं आरडाओरडा केला नाही. कार्ड कोरड्या जागी ठेवलं, आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली.

"यात घालून टाका, मामंजी."

"तू वाचलंस."

"ट्रंक दर वर्षी उन्हात मीच घालते ना? अत्तेंचे परकर सगळे छत्तीस. त्यात चार बेचाळीसचे." ती खुर्ची टेबलाला सारखी करत होती. "अत्ते गेल्यावर पहिल्याच वर्षी यांना सांगितलं. हे म्हणाले, असू दे, अप्पांचं वय झालं, बाहेर तर काही नाही ना. तेव्हापासून मी शाळेतून येताना फाटक जरा वाजवूनच उघडते."

जयसिंगरावांना ते फाटक आठवलं. गंजलंय, तेल घालायला हवं, असं ते दर आठवड्याला म्हणायचे.

"म्हणजे त्या दिवशी दुकानात..."

"यांना माहीत होतं. मलाही. तुम्ही बोललात ते बरं केलंत, निभावलं सगळ्यांनी." मग तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "पण अत्तेंना नेसता येत नव्हतं म्हणालात, ते मला सोसलं नाही."



"लिहू नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त पाकिटात. नयनाचं लग्न पुढच्या महिन्यात. संताजींच्या कानावर गेलं तर? स्वल्प विचार करा. घरात आम्ही तुम्हाला कधी काही बोललो का?"

नव्हते बोलले. तेच तर होतं. बेचाळीस वर्षं आपण एक गुपित सांभाळतोय असं त्यांना वाटत होतं. आणि शेवटची सात वर्षं गुपित त्यांना सांभाळत होतं, फाटक वाजवून, ट्रंक उन्हात घालून, चांगल्या शब्दांत. या घरात त्यांना जागा होती. पाकिटाएवढी. गुंडोला कोणी पाकीट दिलं नव्हतं, म्हणून त्याचा डोळा गेला. आणि नयनाचं लग्न मोडलं तर? तेही खरंच होतं. या वयाला येऊन नातीच्या जिवावर शूर व्हायचं, याला काय म्हणायचं, ते त्यांना कळेना. त्यांनी पाकीट घेतलं. "सरी, बरं," म्हणाले. हर्षिताचा चेहरा सैल झाला.

चपला घालून ते बाहेर पडले. फाटक वाजलं. पोस्ट चार गल्ल्या पुढं. वाटेत दोनदा त्यांनी कार्ड पाकिटात सरकवलं, दोनदा काढलं. देवनहळ्ळीचा पोस्टमन हे वाचील, हसेल, किल्ल्याच्या दरवाजाशी जाऊन चार लोकांत मोठ्यानं वाचून दाखवील, असं एकदा वाटलं. निदान चार लोकांत ते वाक्य बोललं तरी जाईल, असं लगेच वाटलं. आपण साडी नेसून फाटकाबाहेर, या गल्लीत कधी उतरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्ड म्हणजे तेवढंही नव्हे. चार वर्षं उशिरा, एका डोळ्याच्या माणसाला, चार शब्द.

लाल पेटीपाशी एक बाई स्कूटर लावत होती. तिचं लक्ष नव्हतं. जयसिंगरावांनी पाकीट घडी करून खिशात घातलं, आणि कार्ड, लिहिलेली बाजू वर धरून, पेटीत टाकलं.